ई-संजीवनी : उपकेंद्रातून चांगली, घरून बेताची

ई-संजीवनी या एका नावाखाली दोन वेगळ्या सेवा चालतात. पहिलीत रुग्ण गावच्या उपकेंद्रात जातो, तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळे ज्यांना 'सीएचओ' म्हणतात ते, त्याला तपासतात आणि लॅपटॉपवरून लांबच्या डॉक्टरशी बोलणं करून देतात. दुसरीत रुग्ण स्वतःच्या मोबाइलवरून थेट डॉक्टरला गाठतो. पहिली नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, दुसरी टाळेबंदीत, १३ एप्रिल २०२० रोजी. दोन्हींचं सॉफ्टवेअर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या मोहाली केंद्राने बनवलेलं, दोन्ही पूर्ण मोफत. लोक मात्र एकीचा अनुभव दुसरीच्या नावावर खपवतात आणि मग 'घरबसल्या मोठा डॉक्टर' इथपासून 'नुसता सोपस्कार' इथपर्यंत काहीही ऐकू येतं. आमचे गुण वेगवेगळे आहेत. उपकेंद्रातल्या सेवेला पाचपैकी चार, घरच्या सेवेला पाचपैकी अडीच.

उपकेंद्रातली सेवा चालते ती रुग्णाशेजारी बसलेल्या माणसामुळे. महाराष्ट्रात सीएचओ बहुतेक बीएएमएस असतात, त्यावर सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेले. ते बीपी घेतात, ग्लुकोमीटरवर साखर बघतात, हिमोग्लोबिन तपासतात, पायाची सूज बोटाने दाबून खड्डा पडतो का बघतात, डोळ्याची खालची पापणी ओढून फिकटपणा पाहतात. समोरच्या डॉक्टरला पडद्यावर यातलं काहीच करता येत नाही. त्यामुळे सीएचओंनी आधी नीट नोंद केली, तर पाच मिनिटांत काम होतं. नोंद न करता थेट कॉल लावला, तर तीच पाच मिनिटं 'बीपी किती?', 'थांबा, घेतो' यात जातात.

जाताना काय न्यावं? आधार किंवा आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक, जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. पट्टीवरचा नाव छापलेला भाग शेवटपर्यंत कापू नका. 'पांढरी, गोल, सकाळची' एवढ्या वर्णनावर कुठलाही शहाणा डॉक्टर गोळी चालू ठेवायला सांगणार नाही. ज्या मोबाइलवर नोंदणी आहे तो फोनही बरोबर हवा. इथे हमखास घोटाळा होतो. आईची नोंदणी पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या नंबरावर झालेली असते, ओटीपी तिकडे जातो, मुलगा कंपनीत आणि आई उपकेंद्राच्या बाकावर. उपाय सोपा आहे: नोंदणीच्या वेळी घरात जो फोन असतो तोच नंबर द्या. आणि जाण्याआधी आशाताईंना एक फोन करा. लसीकरणाच्या किंवा तपासणी शिबिराच्या दिवशी उपकेंद्राला कुलूप आणि सगळा कर्मचारी वर्ग अंगणवाडीत, असं होऊ शकतं.

औषधांचं गणित समजून घेतलं तर पायपीट वाचते. 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हा दर्जा मिळालेल्या उपकेंद्राच्या मंजूर यादीत १०५ औषधं आणि १४ तपासण्या आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या यादीत १७२ औषधं आणि ६३ तपासण्या. यादीत असणं आणि कपाटात असणं यात अंतर असतंच, पण रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या, म्हणजे ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, या पातळीवर मिळायलाच हव्यात. अडचण येते ती पलीकडे वैद्यकीय महाविद्यालयातला तज्ज्ञ बसलेला असतो तेव्हा. त्याच्या हाताला त्याच्या वॉर्डातल्या औषधांची सवय. तो यादीबाहेरचं लिहितो आणि मोफत सल्ल्याचं रूपांतर मेडिकलच्या बिलात होतं. कॉल चालू असतानाच 'इथे साठ्यात काय आहे' हे सीएचओंनी सांगायला हवं. नाही सांगितलं तर रुग्णाने विचारावं, यात उद्धटपणा काही नाही. कॉल बंद झाल्यावर चिठ्ठी बदलून घेणं फार जड जातं.

काही औषधं डॉक्टर लिहून देत नाहीत म्हणून लोक चिडतात. तो डॉक्टरचा हट्ट नसतो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांमध्ये औषधांच्या याद्या ठरवून दिल्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएससारखी साधी औषधं कुठल्याही माध्यमातून सांगता येतात. 'अ' यादीतली पहिल्याच भेटीत देता येतात, पण ती भेट व्हिडिओवर झालेली हवी. 'ब' यादी जुन्या रुग्णासाठी, ज्याला त्याच आजारासाठी आधी प्रत्यक्ष तपासलेलं आहे. शेड्यूल एक्स या कडक निर्बंधांच्या यादीतली आणि अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं फोनवरून मिळत नाहीत. झोपेच्या काही गोळ्या याच कचाट्यात सापडतात. म्हणून बीपीची गोळी चालू असलेल्याने पूर्वीचा केसपेपर दाखवला तर काम झटक्यात होतं, आणि कोऱ्या हाताने गेलेल्याला 'एकदा केंद्रावर येऊन जा' असं ऐकावं लागतं.

चांगलं काय चालतं? बीपी-शुगरचा महिन्याचा आढावा, त्वचेचे आजार (फोटो दिवसाच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली लाल चट्टाही तपकिरी दिसतो), रिपोर्ट वाचून घेणं, गरोदरपणातला रक्तक्षय, मोठ्या रुग्णालयातून सुटी झाल्यावरची विचारपूस, मानसिक आजाराचा चालू उपचार. वाईट काय चालतं? पोटदुखी. पोटावर हात ठेवल्याशिवाय ॲपेंडिक्स आणि ॲसिडिटी वेगळी करता येत नाही. कानदुखीचंही तसंच. तापाने मलूल झालेलं, दूध न ओढणारं बाळ, छातीत दुखणं, अर्धांगवायूची लक्षणं, साप किंवा विंचू चावणं, यांत लॅपटॉप उघडायचाच नाही. १०८ लावायचा.

आता पलीकडच्या बाजूचा डॉक्टर. सेवेची खरी मर्यादा तिथे आहे आणि या परीक्षणात एक गुण तिथेच कापला गेला आहे.

पडद्यावर दिसणारा डॉक्टर बहुतेकदा कुठल्या तरी प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी असतो. निकषाप्रमाणे मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येला एक केंद्र आणि ५,००० ला एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २०,००० आणि ३,०००. म्हणजे एका केंद्राखाली साधारण सहा उपकेंद्रं. प्रत्येकाने दिवसाला आठ रुग्ण जोडले तर अठ्ठेचाळीस कॉल, पाच मिनिटांच्या हिशेबाने चार तास. हे चार तास आणायचे कुठून? त्याच डॉक्टरची सकाळची ओपीडी आहे, रात्री झालेल्या बाळंतपणाची फेरी आहे, मारामारीची एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद आहे, विहिरीत सापडलेल्या प्रेताचं शवविच्छेदन आहे, दुपारी जिल्हा परिषदेची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक आहे. दुसऱ्या डॉक्टरची जागा रिकामी असेल, किंवा ते प्रतिनियुक्तीवर गेले असतील, तर हे सगळं एकट्याच्या डोक्यावर. म्हणून उपकेंद्रात कॉल लागत नाही तेव्हा दोष दर वेळी नेटवर्कचा नसतो. पलीकडे डॉक्टर ओपीडीत पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभा असतो आणि लॅपटॉप शेजारच्या खोलीत वाजत असतो.

ई-संजीवनीने डॉक्टरचा वेळ एका खोलीतून दुसरीकडे नेता येतो. वेळ वाढवता येत नाही. वेळ कमी का आहे, याचं उत्तर लोक 'डॉक्टरच कमी आहेत' असं देतात, पण आकडे जरा उलटसुलट आहेत. ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार २०२२ साली देशात ग्रामीण भागात २४,९३५ प्राथमिक आरोग्य केंद्रं होती आणि त्यांत ३०,६४० ॲलोपॅथिक डॉक्टर. २००५ मध्ये हा आकडा २०,३०८ होता. सरासरीने केंद्रामागे एकापेक्षा जास्त डॉक्टर. पण सरासरीने दार उघडत नाही: शहराजवळच्या केंद्रात दोन आणि घाटापलीकडच्या केंद्रात एकही नाही, तरी सरासरी एकच येते. एक पायरी वर चढलं की चित्र सरळ वाईट होतं. सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर, त्याच वर्षी तज्ज्ञांची तूट ७९.५ टक्के होती. सर्जन ८३.२ टक्के कमी, बालरोगतज्ज्ञ ८१.६, फिजिशियन ७९.१, स्त्रीरोगतज्ज्ञ ७४.२.

मग सरकारने २०२४ मध्ये १:८३६ हे डॉक्टर-लोकसंख्येचं प्रमाण सांगितलं ते कुठून आलं? नोंदणी झालेल्या ॲलोपॅथिक डॉक्टरांपैकी ८० टक्के कामावर आहेत असं धरून त्यात ५.६५ लाख आयुष, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीसारख्या पद्धतींचे, डॉक्टर मिळवले की हा आकडा निघतो. आयुष डॉक्टरांना धरणं चूक नाही. महाराष्ट्रात गट-ब वैद्यकीय अधिकारी आणि सीएचओ म्हणून तेच तर किल्ला लढवतात. पण प्रमाणाच्या आकड्यात डॉक्टर कुठे बसला आहे हे दिसत नाही, आणि तो आपल्या गावापासून किती लांब बसला आहे हाच तर सगळा प्रश्न आहे.

एमबीबीएसच्या जागा २०१४ च्या आधीच्या ५१,३४८ वरून २०२४ मध्ये १,१२,११२ वर गेल्या. दुपटीहून अधिक. तरी केंद्रं का भरत नाहीत? कारण एमबीबीएस हे आता शेवटचं स्टेशन राहिलेलं नाही. पदव्युत्तर जागाही ३१,१८५ वरून ७३,००० च्या आसपास गेल्या, पण त्यांच्यासाठी परीक्षेला दोन लाखांहून अधिक जण बसतात. इंटर्नशिप संपलेला मुलगा किंवा मुलगी आधी नीट-पीजीचा विचार करते. नुसता एमबीबीएस म्हणजे अर्धवट डॉक्टर, ही समजूत घरात, लग्नाच्या बाजारात आणि रुग्णांतही रुजली आहे. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांना एक वर्षाचा बॉण्ड आहे, न पाळल्यास एमबीबीएससाठी १० लाख रुपये दंड. बरेच जण केंद्रावर येतात ते हे वर्ष काढायला, आणि टेबलावर केसपेपरशेजारी एमसीक्यूचं पुस्तक असतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बॉण्डचा डॉक्टर वर्षाने जातो, त्याच्याबरोबर गावाची ओळख जाते, आणि नव्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून कोणाला कुठली गोळी सोसत नाही हे शिकावं लागतं. ई-संजीवनीवर याचा परिणाम थेट दिसतो. पडद्यावर सारखा नवा चेहरा आला की म्हातारी माणसं बोलायचं सोडून देतात.

जे राहतात त्यांना पुढे काय? तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्ह्याच्या कचेरीत. म्हणजे बढती हवी तर तपासणं सोडून फायली धराव्या लागतात. गळकी निवासस्थानं, मुलांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी, कंत्राटी असाल तर मानधनाची वाट, हे सगळं त्यावर. कुटुंबवैद्यक ही वेगळी शाखा म्हणून आपल्याकडे फारशी वाढलीच नाही. याची मुळं जुनी आहेत. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली आणि त्याच अहवालात कमी मुदतीचा लायसन्शिएट अभ्यासक्रम बंद करून सगळीकडे एकच 'मूलभूत डॉक्टर' असावा असंही सुचवलं. काही सदस्यांनी त्यावर वेगळं मत नोंदवलं होतं. पुढे दर्जा वाढला, पण खेड्यात राहणाऱ्या डॉक्टरांची एक अख्खी फळीही आटली. आज सहा महिन्यांचं प्रमाणपत्र देऊन सीएचओ नेमतो आहोत, म्हणजे वळसा घालून त्याच जागी आलो आहोत.

केंद्रात टिकून राहिलेला डॉक्टर काय करू शकतो याचं उदाहरण रायगड जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, आणि त्या निरीक्षणातून प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा विंचूदंशावरचा उपचार पुढे आला. नाडी, घाम, बीपीचे चढउतार हे तासन्‌तास बघावं लागतं. पाच मिनिटांच्या कॉलमध्ये ते दिसत नाही.

तुटवड्याची किंमत कोण मोजतं, तेही बघू. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत आजारपणाच्या जेमतेम ३० टक्के प्रसंगांत लोक सरकारी दवाखान्यात गेले, ४३ टक्के प्रसंगांत खासगी डॉक्टरकडे किंवा क्लिनिकमध्ये. एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ वर आला. सुधारणा मोठी आहे, पण शंभरातले एकोणचाळीस रुपये अजूनही घरचेच. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. तरी केंद्रात डॉक्टर भेटला नाही, तर जीपचं भाडं आणि बुडालेली मजुरी सुटत नाही. उपकेंद्रातून लागलेला एक कॉल हीच दोन कलमं वाचवतो, आणि चार गुण मुख्यतः त्यासाठी आहेत.

आकड्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. त्यांत आंध्र प्रदेशचे ३ कोटी १७ लाख, तर लोकसंख्येने दुपटीहून मोठ्या महाराष्ट्राचे ४८ लाखांच्या आत. लाभार्थींत महिला ५७ टक्क्यांच्या आसपास, हे विशेष चांगलं, कारण एसटीने तालुक्याला जायला बाईला सोबत लागते, उपकेंद्रात ती एकटी येते. पण सीएचओंचा कामावर आधारित मोबदला सल्ल्यांच्या संख्येशीही जोडलेला असतो, आणि संख्या मोजली की संख्या वाढते. सर्दीचा पेशंट, जो सीएचओ स्वतः बरा करू शकतात, तोही मग कॉलवर जातो आणि रांग लांबते. मोजायचंच असेल तर बीपी आटोक्यात आलेले रुग्ण मोजावेत.

घरून वापरायच्या सेवेकडे वळू. संकेतस्थळ किंवा ॲप उघडायचं, मोबाइल नंबर, ओटीपी, नाव-वय, राज्य आणि ओपीडी निवडायची, रिपोर्टचे फोटो किंवा पीडीएफ चढवायचे, टोकन घ्यायचं. नंबर आला की कॉलचं बटण सुरू होतं आणि ते थोड्या वेळातच दाबावं लागतं. इथेच बरेच लोक बाद होतात. टोकन घेऊन फोन बाजूला ठेवला, स्क्रीन बंद झाली, दुसरा कॉल आला, की पुन्हा रांगेच्या शेवटी. बॅटरी भरून, फोन भिंतीला टेकवून, खिडकीकडे तोंड करून बसा. पाठीमागून उजेड आला तर डॉक्टरला काळी सावली दिसते. ॲपला कॅमेरा आणि माइकची परवानगी आधीच द्या. लहान मुलासाठी सल्ला घेताना मोठं माणूस समोर हवं, हा नियमच आहे. आणि मुलाचं वजन आजचं सांगा, कारण सिरपचा डोस वजनावर ठरतो. कॉल संपल्यावर चिठ्ठी डाउनलोड होते. त्यावर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का बघूनच मेडिकलमध्ये जा, नाहीतर दुकानदार परत पाठवतो.

अडीच गुण का, ते यावरून कळेल. बीपी कोणी घेतलेलं नाही, गोळ्या मोफत मिळत नाहीत, आणि बोलणारा डॉक्टर तुम्हाला पुन्हा भेटण्याची शक्यता कमी. घरात बीपीचं यंत्र आणि ग्लुकोमीटर असेल, जुना आजार असेल आणि रिपोर्ट समजून घ्यायचा असेल, तर आणखी अर्धा गुण वाढवा. खासगी ॲपवर डॉक्टर लवकर मिळतो, पण फी पडते आणि चिठ्ठी ब्रँडच्या नावाने येते. मानसिक त्रासासाठी घरूनच बोलायचं असेल तर टेलि-मानस, १४४१६, जास्त सरळ पडतं. शहरात असाल आणि सरकारी 'आपला दवाखाना' चालत्या अंतरावर असेल, तर ॲप बंद करा आणि तिकडे जा.

नर्मदाकाठच्या पाड्यांत, जिथे नंदुरबार जिल्ह्यातला तरंगता दवाखाना बोटीतून जातो, किंवा गडचिरोलीतल्या भामरागडच्या आतल्या गावांत, सिग्नलच नसेल तर हे सगळं परीक्षण फिजूल आहे. तिथे सीएचओंना रिपोर्ट आणि फोटो जमवून, रेंज असलेल्या टेकडीवरून किंवा केंद्रावर पोचल्यावर डॉक्टरला दाखवावे लागतात.

चाराचे साडेचार करायचे असतील तर एक बदल पुरेल. तालुक्याला निदान एक डॉक्टर असा असावा, ज्याची त्या दिवशी दुसरी कुठलीही ड्युटी नाही: ओपीडी नाही, शवविच्छेदन नाही, व्हीसी नाही. त्याने सकाळी नऊ ते दुपारी एक फक्त कॉल घ्यावेत, तालुक्यातल्या उपकेंद्रांना वेळा वाटून द्याव्यात, आणि निदान वर्षभर तोच चेहरा पडद्यावर दिसावा.